सातव्या महिन्यात पिशवीतला चहा प्यायले, बाळाला श्वासाचा त्रास होईल का?

ताई, ऑफिसखालच्या टपरीवरचा गरम चहा पातळ पिशवीत, वर दोरा बांधून येतो, तो तुम्ही रोज घेत होतात असं लिहिलंय. घाबरू नका, पण आजपासून बंद करा. प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट्स आणि कडक प्लास्टिक बनवताना वापरलं जाणारं बीपीए ही रसायनं गरम, तेलकट पदार्थांत जास्त उतरतात आणि वारेतून बाळापर्यंत पोचतात. 2022 मध्ये अमेरिकेतल्या 16 अभ्यासांतल्या 6000 हून अधिक गरोदर बायकांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा थॅलेट्स जास्त असलेल्यांत वेळेआधी बाळंतपणाची शक्यता थोडी जास्त दिसली. खरी काळजी तिथे आहे. फुप्फुसं उघडी ठेवणारा सरफॅक्टंट लवकर जन्मलेल्या बाळात पुरेसा नसतो, म्हणून धाप लागते. पण हा संबंध आहे, तुमच्या बाळाला होईलच असं नाही.

दिलासा हा की थॅलेट्स एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातात. स्टीलचा थर्मास घेऊन जा, डब्बाही स्टीलचाच. मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिक नको. पोट कडक होऊन कळा आल्या किंवा पाणी गेलं, तर लोकलची गर्दी ओसरायची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा.