गुजरीतला साज, आवर्ती ठेव आणि पाडव्यापर्यंतची सवलत

कोल्हापुरातील फुलेवाडीच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे यजमान शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत सुपरवायझर आहेत, त्या स्वतः घरी शिवणकाम करतात आणि दोघांचे मिळून महिन्याला सुमारे ५८,००० रुपये घरात येतात. घरखर्च ३८,००० रुपये आहे आणि मुलगी अकरावी सायन्सला आहे. मंगळसूत्राची तुटलेली कडी जोडून घेण्यासाठी त्या गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ बाजारात, गेल्या होत्या. काम होईपर्यंत बसायला सांगितले म्हणून बसल्या, समोर कोल्हापुरी साज ठेवला गेला, तो गळ्यात घालून पाहिला आणि तासाभरात १०,००० रुपये विसार देऊन त्या घरी आल्या. मजुरीवर २५ टक्के सवलत आहे, पण ती गुढीपाडव्यापर्यंतच. जुन्या पाटल्या मोडीत घालायच्या आणि उरलेले पैसे पुढच्या आठवड्यात मुदत संपणाऱ्या २,६०,००० रुपयांच्या आवर्ती ठेवीतून (आरडी) द्यायचे, असे ठरले आहे. “सोने म्हणजे गुंतवणूकच, शिवाय मुलीच्या लग्नाला होईल, मग चूक काय? पण पावती हातात आल्यापासून मन थाऱ्यावर नाही,” असे त्या लिहितात.

ताई, उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागून देतो. आवर्ती ठेवीचे पैसे या साजात घालू नयेत. साज घेऊच नये असे मात्र मी म्हणत नाही, कारण आपल्या पत्रात अगदी शेवटी एक ओळ आहे: घर बांधताना आईचा साज मोडला होता आणि तेव्हापासून तो मनात राहिला आहे. माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रातली ही सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. साज हवा असण्याचे खरे कारण तिथे आहे. गुंतवणूक हे कारण विसार दिल्यानंतर शोधलेले दिसते.

पेढीने दिलेला कच्चा हिशोब आपण पाठवला, हे फार बरे केले. सोन्याची किंमत ३,००,००० रुपये, त्यावर १४ टक्क्यांप्रमाणे मजुरी ४२,००० रुपये, सवलतीनंतर ती ३१,५०० रुपये आणि या एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी ९,९४५ रुपये, असे मिळून ३,४१,४४५ रुपये होतात. यातली ४१,४४५ रुपये ही रक्कम दागिना पेढीबाहेर पडताच संपते. ती मोडीत परत मिळत नाही. म्हणजे आपले पैसे नुसते जागेवर येण्यासाठीच सोन्याचा भाव जवळजवळ १४ टक्के चढावा लागेल, आणि मोडताना घट धरली तर त्याहूनही जास्त. साज लाखेवर घडवलेला असेल, म्हणजे मण्यांच्या आत लाख असेल, तर निव्वळ सोन्याचे वजन किती, हा प्रश्न आणखी निराळा. कच्च्या हिशोबात ते कुठेही स्वतंत्र लिहिलेले नाही. भाव चढतच राहतो असेही कोणी धरून चालू नये. २०१३ साली आंतरराष्ट्रीय बाजारात सोने एका वर्षात सुमारे २८ टक्क्यांनी उतरले होते. घालण्याचा दागिना आणि गुंतवणुकीचे सोने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्या घरात अडीअडचणीसाठी बचत खात्यात फक्त ४०,००० रुपये आहेत त्या घराने तरी हा फरक काटेकोरपणे पाळला पाहिजे.

हा हिशोब काही अवघड नाही आणि आपण शिवणाच्या वहीत यापेक्षा किचकट हिशोब रोज करता. मग त्या तासाभरात तो का सुचला नाही? हे नीट समजून घेणे मला आकड्यांइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण त्यात आपल्या स्वभावाचा दोष नाही.

वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतील डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की या पेशी उत्तेजित होत. पण आधी खूण दिसते आणि मग रस मिळतो, हे माकडाला कळल्यावर पेशींची उसळी रसाच्या क्षणावरून खुणेच्या क्षणावर सरकली; रस मिळताना त्या जवळजवळ शांत राहत, आणि खूण दाखवून रस दिला नाही तर ठरल्या वेळी त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जाई. डोपामिनला सरसकट आनंदाचे रसायन म्हटले जाते, ते म्हणूनच पुरते खरे नाही. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांच्या संशोधनातून पुढे हे स्पष्ट झाले की एखादी गोष्ट हवीहवीशी वाटणे आणि ती मिळाल्यावर आवडणे यांची मेंदूतली यंत्रणा बरीच वेगळी आहे, आणि डोपामिनचा संबंध मुख्यतः पहिलीशी आहे. ओढ कितीही तीव्र असली तरी तिच्यावरून पुढच्या समाधानाचे माप काढता येत नाही.

आता त्या दुपारकडे पाहावे. कोल्हापुरात वाढलेल्या मुलीने लग्नाकार्यात, हळदीकुंकवाला, अंबाबाईच्या देवळात साज किती गळ्यांत पाहिलेला असतो! त्यात आईचा साज. पेटी उघडली आणि जव मण्यांची ती ओळ दिव्याखाली चमकली, तेव्हा आपल्यासमोर पडलेली खूण लहानपणापासून मनात मुरलेली होती. सोने बहुधा पिवळसर उबदार प्रकाशात मांडले जाते, कारण त्यात त्याचा रंग खुलतो. खाली गडद मखमल असते, समोर आरसा असतो, हातात चहा येतो आणि उठायची घाई कोणी करत नाही. यात फसवणूक नाही, हा व्यापार आहे, आणि गुजरीतल्या कित्येक पेढ्या तो पिढ्यान्‌पिढ्या सचोटीने करत आल्या आहेत. आपण मात्र कडी जोडण्यासाठी गेला होता, किंमत ठरवण्याच्या तयारीने गेला नव्हता, एवढे लक्षात घ्यावे.

त्यानंतर साज गळ्यात आला. जोॲन पेक आणि सुझन शू या संशोधिकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की वस्तूला नुसता हात लावल्यानेही ती आपली असल्याची भावना वाढते. जी वस्तू मनाने आपली झाली ती सोडताना माणूस तिची किंमत जास्त लावतो, हे डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये साध्या कॉफीच्या मगांवर दाखवले होते: ज्यांना असा मग दिला होता ते तो विकायला जी किंमत मागत, ती मग न मिळालेले लोक द्यायला तयार असत त्या किमतीच्या साधारण दुप्पट असे. आपण तर साज अर्धा तास घातला, त्याचे वजन मानेला जाणवले, फोटो काढून बहिणीला पाठवला आणि तिचे “घेच” असे उत्तर आले. त्यानंतर साज काढून ठेवणे म्हणजे स्वतःची वस्तू परत देणे वाटले असणार.

तिसरी गोष्ट किमतीची, आणि ती मला सर्वांत जास्त खटकते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ब्रायन नटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खरेदीचा निर्णय चालू असताना लोकांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. आवडती वस्तू दिसली की न्यूक्लियस अॅक्युम्बन्स नावाचा भाग सक्रिय होई. किंमत फार वाटली की इन्सुला हा भाग जास्त सक्रिय होई आणि पुढच्या मेंदूतल्या एका भागाची हालचाल मंदावे. या हालचालींवरून माणूस खरेदी करेल की नाही याचा काही अंशी अंदाज बांधता आला. इन्सुला इतर अनेक भावनांतही सक्रिय असतो, म्हणून अशा स्कॅनवरून कोणाचे मन वाचता येते असे समजू नये. तरीही किंमत खुपणे ही मेंदूची खरी आणि उपयोगी प्रतिक्रिया आहे, एवढे त्यातून घेता येते.

आपल्या व्यवहारात ही खुपण्याची संधीच आली नाही. १,२०,००० रुपये पाटल्यांच्या रूपाने वळते होणार, २,११,४४५ रुपये अजून हाती न आलेल्या ठेवीतून जाणार, आणि त्या दिवशी प्रत्यक्ष गेले ते मोबाईलवरून क्षणात स्कॅन केलेले १०,००० रुपये. ३,४१,४४५ हा आकडा एकरकमी हातातून सुटल्याचा अनुभव कुठेच नाही. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी एमआयटीत केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी, कार्डाने पैसे द्यायचे ठरलेल्यांनी रोखवाल्यांच्या साधारण दुप्पट बोली लावली होती. पैसा दिसेनासा झाला की हात सैल होतो.

आपली दोन रात्रींची अस्वस्थता मला याच कारणाने समजते. पेढीत जे खुपले नाही ते घरी आल्यावर खुपू लागले. अस्वस्थता हा निर्णय चुकल्याचा पुरावा नव्हे, पण वजाबाकी उशिरा सुरू झाली आहे, हे ती सांगते. दरम्यान मोबाईलवर सारखे साजच दिसत असल्याचे आपण लिहिले आहे. शोध घेतला की जाहिराती मागे लागतात आणि प्रत्येक चित्र ती जुनी खूण पुन्हा जागी करते. निर्णय होईपर्यंत ते पाहणे बंद ठेवावे. खोटी घाई निर्माण करणे हा ऑनलाइन विक्रीतला अनुचित प्रकार आहे, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद केले आहे. आपल्या पेढीची मुदत खोटी आहे असे मी म्हणणार नाही, पण तिची किंमत मोजून पाहावी: मजुरीतले १०,५०० आणि त्यावरचा कर धरून १०,८१५ रुपये. पाडवा गेला की अक्षय तृतीया येते, मग दसरा, मग धनत्रयोदशी, आणि मजुरीवरची सवलत बाजारात पुन्हा पुन्हा येत राहते. एवढ्यासाठी तीन वर्षे महिना ६,५०० रुपये भरून जमवलेली ठेव मोडीत काढणे मला पटत नाही.

त्या ठेवीला याहून निकडीची कामे आहेत. फाउंड्रीचे काम वाहन उद्योगाच्या ऑर्डरींवर चालते. मंदी आली की ओव्हरटाइम आधी बंद होतो आणि पगार हाती यायला उशीर होऊ लागतो, हे आपल्या घराला नव्याने सांगायला नको. ३८,००० रुपये खर्चाच्या घराला सहा महिन्यांसाठी २,२८,००० रुपये लागतात. बचत खाते आणि ठेव मिळून आपल्याकडे बरोबर ३,००,००० रुपये होतात, म्हणजे ही तजवीज बाजूला काढल्यावर मुलीच्या प्रवेशासाठी ७२,००० रुपये उरतात. पुढच्या वर्षी सीईटी आहे, आणि पुण्याला प्रवेश मिळाला तर फी आणि वसतिगृह यांपुढे ही रक्कम मोठी नाही. साज घेतला तर या दोन्हींसाठी मिळून ८८,५५५ रुपये राहतात. ऐन वेळी साज गहाण ठेवून सोनेतारण कर्ज काढावे लागले, तर हौसेच्या वस्तूवर व्याज भरण्याची पाळी येईल.

आता साजाचे. पाटल्या आत्ताच मोडू नयेत, त्या तशाच डब्यात राहू द्याव्यात. त्या सोन्याच्याच असल्यामुळे भाव चढला तर त्यांची किंमतही चढेल, म्हणजे “नंतर परवडणार नाही” या भीतीचा बराचसा भाग आपल्याकडे आधीच झाकलेला आहे. पूर्वीचा ६,५०० रुपयांचा मासिक हप्ता चालू ठेवून त्यातले ४,००० मुलीच्या शिक्षणासाठी आणि २,५०० साजासाठी, असे स्वतंत्र करावेत. साजाचे पैसे म्युच्युअल फंडाच्या गोल्ड फंडात घालावेत. त्याला डीमॅट खाते लागत नाही, मजुरी नसते, आणि तो भावाबरोबर चढ-उतार करतो. पेढीच्या मासिक योजनेबद्दल आपण विचारले आहे, ती मी सुचवणार नाही, कारण ती बँकेतली ठेव नव्हे आणि तिला ठेव विमा लागू होत नाही. तीन वर्षांत साजाचे ९०,००० रुपये जमतील आणि पाटल्या धरून आजच्या भावाने २,१०,००० रुपयांचा, थोडा हलका पण पूर्ण साज होईल. तो आईच्या आठवणीचा साज म्हणून, हौस म्हणून घ्यावा आणि मजुरीसकट मनापासून घालावा. मुलीच्या लग्नाची तजवीज त्याच्या गळ्यात बांधू नये.

राहिला विसार. १०,००० रुपये जातील या भीतीने ३,४१,४४५ रुपयांचा व्यवहार पुरा करणे योग्य होणार नाही. पावतीवरच्या अटी वाचाव्यात आणि यजमानांना बरोबर घेऊन, साज पुन्हा गळ्यात न घालता, मालकांशी सरळ बोलावे: घरातल्या पैशांचा मेळ बसत नाही, विसार दुसऱ्या लहान दागिन्यात वळता करून द्यावा. मुलीसाठी कानातले घेता येतील. त्यावर एचयूआयडीसह, म्हणजे दागिन्याच्या सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांकासह, हॉलमार्क असल्याचे पाहावे आणि पावतीवर निव्वळ वजन, भाव व मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. विसार अजिबात परत मिळाला नाही तरी माझे मत बदलत नाही.

हे बोलणे होण्याआधी एकदा बँकेत जावे. मुदत संपल्यावर ठेवीची रक्कम बचत खात्यात जमा होऊन तशीच पडून राहू नये, म्हणून त्यातल्या २,००,००० रुपयांच्या ५०,००० प्रमाणे चार मुदत ठेवी करण्याची लेखी सूचना आधीच देऊन ठेवावी, म्हणजे गरज पडली तर एकच मोडता येईल. उरलेले ६०,००० रुपये मुलीच्या प्रवेशापर्यंत वेगळ्या अल्प मुदतीच्या ठेवीत ठेवावेत आणि दोन्हींच्या पावत्यांवर यजमानांबरोबर आपलेही नाव घालून घ्यावे.