घटस्फोट मंजूर, पण अजून लागू नाही: याला काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: 'द ऑफुल ट्रुथ' (१९३७) या चित्रपटाची मराठी उपशीर्षके करताना 'इंटरलॉक्युटरी डिक्री'ला 'अंतरिम घटस्फोट' म्हणावे का? आणि एरवी 'घटस्फोट'ऐवजी 'काडीमोड' चालेल का?

'अंतरिम' नको. आपल्या कोर्टकचेरीत अंतरिम म्हणजे दावा चालू असताना केलेली तात्पुरती सोय. अंतरिम पोटगी, अंतरिम जामीन, अंतरिम स्थगिती. इथे तर जेरी आणि लूसी वॉरिनर यांचा दावा निकालात निघालाय. घटस्फोट मिळालाय, फक्त ठरलेली मुदत सरल्यावर तो लागू व्हायचाय. तोवर कागदोपत्री दोघे नवरा-बायकोच, आणि दिग्दर्शक लिओ मॅककॅरीने सगळा धुमाकूळ घातलाय तो याच मुदतीत. ती ओक्लाहोमाच्या तेलवाल्याशी लग्न करायला निघते तर हा मोडता घालतो. याचं दुसरीकडे जुळतंय म्हटल्यावर ती त्याची बहीण बनून तिथे पोचते आणि शोभा करते.

'कूलिंग पिरियड' हा आपल्या फॅमिली कोर्टातला रोजचा शब्दही इथे बसत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली परस्परसंमतीचा अर्ज दिल्यावर सहा महिने थांबायचे, ते हुकूमनाम्याच्या आधी. (योग्य प्रकरणी ही अट शिथिल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे.) वॉरिनर दांपत्य थांबते ते हुकूमनाम्यानंतर.

खरी अडचण मात्र आपल्याच शब्दांत आहे. काडी मोडली की मोडली. घट फुटला की फुटला. (धर्मशास्त्रात तो घट पतिताला वाळीत टाकताना लवंडायचा विधी होता, नवरा-बायकोत तो पुढे आला.) सोडचिठ्ठी हातात पडली की सुटका, फारकत तर हिशेब चुकता झाल्याचाही कागद. चारही शब्द एका घावाचे. अर्धवट मोडलेल्या काडीला मराठीत जागाच नाही, म्हणून इथे नाम शोधण्यापेक्षा क्रियापदाकडे जावे: 'घटस्फोट मंजूर झालाय, अजून पक्का व्हायचाय.' शेवटी डोंगरातल्या बंगल्यात, मधल्या दाराची कडी धड लागत नाही अशा शेजारशेजारच्या खोल्यांत दोघे झोपतात. तिथे मध्यरात्रीचा उल्लेख आला की 'बारा वाजता पक्का होणार' एवढे पुरे. 'सशर्त हुकूमनामा' कायद्याच्या पुस्तकात शोभेल. पडद्यावर तो वाचून होईपर्यंत जेरी झालेला केरी ग्रँट पुढचे वाक्य बोलून मोकळा झालेला असतो.

'काडीमोड' अस्सल आहे, पण त्याला गावकी-भावकीचा वास आहे. न्यूयॉर्कच्या न्यायाधीशाच्या तोंडी तो विनोदी वाटेल, आणि तेही चुकीच्या जागी. जेरी-लूसीच्या आपापसातल्या टोमण्यांत एखाद्या वेळी खपवता येईल.

कुत्र्याच्या प्रसंगात मात्र कायद्याचा शब्द जसाच्या तसा ठेवा. मिस्टर स्मिथ, म्हणजे त्यांचा कुत्रा, कोणाकडे जातो ते पाहायला न्यायाधीश त्याला मध्ये सोडतात, आणि लूसी लपवलेलं त्याचं खेळणं हळूच दाखवून त्याला आपल्याकडे ओढते. 'कुत्रा कोण ठेवणार?' असे लिहिलेत तर मजा गेली. 'ताबा लूसीकडे, जेरीला भेटीचा हक्क' असेच हवे, मुलांच्या प्रकरणात लिहितात तितक्याच कोरड्या चेहऱ्याने.