जुनी हार्ड डिस्क फिरतच नाही, आतले फोटो निघतील का?

निघण्याची शक्यता बरीच आहे. तुम्ही लिहिलंय की २००७ साली घेतलेल्या कॉम्प्युटरमधली ८० जीबीची आयडीई (जुन्या रुंद पट्टी केबलची) डिस्क आहे, शिरपूरच्या घरी माळ्यावर पडून होती, आता जोडली तर आवाजच येत नाही आणि आत बहिणीच्या लग्नाचे फोटो आहेत. भाऊ, आमच्या धंद्यात गप्प डिस्क आली की मला बरं वाटतं. टकटक करणारी आली की गिऱ्हाइकाला काय सांगावं हा प्रश्न पडतो, कारण तिथे बहुतेक वेळा हेड, म्हणजे चकतीवरचा डेटा वाचणारा भाग, गेलेलं असतं. गप्प डिस्कचा बिघाड पुष्कळदा खालच्या सर्किट बोर्डात, नाहीतर त्याच्याही अलीकडे एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये, निघतो. फोटो ज्या चकत्यांवर असतात त्या शाबूत असतात.

म्हणून आधी व्होल्टेज तपासा. ३.५ इंची डिस्कला लाल वायरमधून ५ व्होल्ट मिळतात ते इलेक्ट्रॉनिक्ससाठी, आणि पिवळीतून १२ व्होल्ट ते मोटरसाठी. आपल्याकडे जुन्या एसएमपीएसचे किती हाल होतात ते तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ वर, डीपीवर पंपांचा लोड, लाईट गेली-आली की झटका. कपॅसिटर सुकत जातात. कॉम्प्युटर कसाबसा सुरू होतो, पण मोटर उचलायच्या वेळी १२ व्होल्ट बसतात. डिस्क जोडलेली ठेवून मल्टिमीटर लावा. पिवळीवर ११.४ ते १२.६ आणि लालवर ४.७५ ते ५.२५ दिसलं पाहिजे. मीटर नसेल तर ओळखीच्या कुणाचा चांगला एसएमपीएस लावून बघा. डेटा केबल काढूनच ठेवा, डिस्क नुसत्या पॉवरवरही फिरते. यूएसबी कन्व्हर्टर वापरत असाल तर त्याचा वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर जोडलाय का ते बघा. यूएसबीच्या ५ व्होल्टवर ही मोटर हलणार नाही.

आता एक खूण सांगतो. डिस्क जोडली की अख्खा कॉम्प्युटरच सुरू होत नाही आणि काढली की होतो, असं असेल तर बोर्डावर काहीतरी शॉर्ट आहे. बऱ्याच डिस्कना पॉवरच्या सॉकेटजवळ टीव्हीएस डायोड असतात, एक ५ चा आणि एक १२ चा. जास्त व्होल्टेज आलं की ते स्वतः शॉर्ट होऊन बाकी बोर्ड वाचवतात. मोबाईल दुरुस्त करणारा कुणीही शॉर्ट झालेला डायोड काढून देईल. मग डिस्कला संरक्षण राहत नाही, पण चांगल्या एसएमपीएसवर फोटो उतरवण्यापुरतं चालतं.

व्होल्टेज ठीक असूनही शांतता असेल तर बोर्डाचे स्क्रू काढा. टी-६ किंवा टी-८ टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर, लागेल. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्टॅटिक निघून जाईल. मोटरचे आणि हेडचे कॉन्टॅक्ट बोर्डाच्या आतल्या बाजूला टेकलेले असतात, आणि वर्षानुवर्षं पडून ते काळे पडतात. साध्या खोडरबरने हलकेच घासा, चुरा झटका, पुन्हा बसवा. हा उपाय फुकटचा आहे आणि मला सगळ्यात आवडतो. ऑनलाइन त्याच नंबरचा दुसरा बोर्ड मागवायचा विचार असेल तर थांबा. त्या काळातल्या बहुतेक डिस्कमध्ये बोर्डावरच्या छोट्या रॉम चिपमध्ये त्याच डिस्कपुरती माहिती असते. ती चिप नव्या बोर्डावर लावल्याशिवाय नुसती अदलाबदल सहसा चालत नाही.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कला टेकवून मूठ कानाला लावा. बारीक गुणगुण किंवा थांबून थांबून पीं-पीं ऐकू आली, तर मोटर जोर लावतेय पण चकती अडकलीय. ओल्या दोन काचा चिकटाव्यात तसं हेड चकतीला चिकटलेलं असतं, किंवा बेअरिंग जाम असतं. इथे मात्र हात आवरा. डिस्क झटक्यात फिरवून हेड सोडवायची युक्ती लोक सांगतात. कधी जमते, कधी हेडच उपटून निघतं. फोटो हवेच असतील तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या आणि खर्च आधी विचारा.

फ्रीजमध्ये ठेवू का, असंही विचारलंय. नको. बाहेर काढल्यावर दमट हवेचं पाणी डिस्कवर धरतं. झाकण उघडणं तर त्याहून वाईट. हेड चकतीच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगतं, आपल्याकडच्या धुळीचा एक कण त्याला पुरतो.

आणि फिरली, तर लगेच बंद करून ‘पुन्हा सुरू होते का’ बघू नका. म्हणूनच कॉपीची सगळी तयारी आधी करून ठेवा. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हा बिघडलेल्या डिस्कची कॉपी काढणारा प्रोग्रॅम चालवून सगळी डिस्क दुसरीवर उतरवा. ते चांगला भाग आधी घेतं, खराब भागाशी नंतर झगडतं, आणि मॅपफाइल (कुठवर कॉपी झाली याची नोंद) दिली तर मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे चालतं. विंडोजने डिस्क तपासायची परवानगी मागितली तर देऊ नका, चेकडिस्क त्याच डिस्कवर लिहायला घेतं.