माती परीक्षणाचा अहवाल आणि कोळंबीचे उत्पादन

प्रश्न : खाडीकाठच्या खाजणात (खाऱ्या जमिनीत) आमची दोन तळी शेजारी-शेजारी आहेत आणि दोन्हींत आम्ही व्हन्नामी कोळंबी घेतो. माती परीक्षणात पहिल्या तळ्यात नत्र, स्फुरद, सेंद्रिय कर्ब जास्त निघाले, तरी उत्पादन दरवेळी दुसऱ्यातच जास्त येते. अहवाल चुकला असेल का? (एक वाचक, जि. रायगड)

उत्तर : अहवाल चुकलेला नसावा, तो भातशेतीच्या नजरेने वाचला गेला आहे. भात मातीतून अन्न घेतो, कोळंबी मात्र आपण टाकलेल्या खाद्यावर वाढते, आणि त्या खाद्यातील नत्रापैकी जेमतेम पाव ते एक-तृतीयांश तिच्या अंगी लागते. बाकीचे पाण्यात आणि गाळात जाते. म्हणजे पहिल्या तळ्यातील जादा नत्र आणि कर्ब ही बहुधा मागील हंगामांतील वाया गेलेल्या खाद्याची आणि विष्ठेची साठवण आहे.

कोळंबी तळालाच राहते, त्यामुळे तिचा संबंध येतो तो मातीच्या अगदी वरच्या थराशी. पाणी काढताच तळाचा एक ढेकूळ खुरप्याने उभा कापून पाहा. वर तपकिरी पापुद्रा आणि खाली काळी माती असेल, तर काळजी नको. पापुद्राही काळा असून सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर तळाशी प्राणवायू उरलेला नाही आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होत आहे. अशा तळावर कोळंबी नीट खात नाही. यावर उपाय म्हणजे गाळ काढणे आणि भेगा पडेपर्यंत तळ सुकवणे.

पण खाजणात सुकवण्याआधी एक खात्री करून घ्याच. खारफुटीच्या जुन्या जमिनीत पायराइट (लोह आणि गंधकाचे खनिज) असतो. ओल्या मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ७ च्या आसपास दिसतो आणि तीच माती हवेत सुकली की गंधकाम्ल तयार होऊन तो ४ च्याही खाली घसरू शकतो. म्हणून नमुना ओला असताना आणि काही आठवडे सुकवल्यानंतर, असा दोनदा तपासा. सामू असा घसरला, तर आम्ल धुऊन काढण्यासाठी तळे सुकवून, भरून, ते पाणी काढून टाकण्याचे चक्र अनेकदा करावे लागते, आणि बांधांवरही चुना द्यावा लागतो, कारण पहिल्या पावसात बांधावरचे आम्ल थेट तळ्यात उतरते.

सुकलेल्या मातीचा सामू ७ ते ८ असल्यास चुन्याची फारशी गरज नाही. मग फरक बीजाची (सोडलेल्या पिलांची) घनता, खाद्याचे प्रमाण आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) यांत शोधा. दोन्ही तळ्यांच्या खाद्याच्या नोंदी आधी शेजारी ठेवून पाहा.