१/१२ पॅन कारचे फोम टायर शर्यतीसाठी कसे तयार करावेत, आणि स्प्रिंगा कधी बदलाव्यात?

पॅन कार म्हणजे सपाट पाटीसारख्या चेसिसची, रिमोटवर चालणारी छोटी शर्यतीची गाडी; १/१२ म्हणजे खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्श्याची. तिच्याबद्दल तुम्ही एका प्रश्नात तीन गोष्टी विचारल्या आहेत: नवे फोम टायर तयार कसे करायचे, स्प्रिंगा किती दिवसांनी बदलायच्या, आणि थ्रॉटल दाबला की गाडी डावीकडे का ओढते. शेवटच्या गोष्टीपासून सुरू करतो, कारण तिचं उत्तर बहुतेक वेळा टायरमध्येच सापडतं.

स्प्रिंगांना हात लावण्याआधी व्हर्नियर घ्या आणि मागच्या दोन्ही टायरांचा व्यास मोजा. फोम दाबला जातो, म्हणून जबडे नुसते टेकवा, आवळू नका. प्रत्येक टायर आतल्या कडेला एकदा आणि बाहेरच्या कडेला एकदा मोजा, कारण वळणांमुळे फोम एका बाजूने जास्त झिजून शंकूसारखा होतो. जोडीत ०.२ मिमीहून जास्त फरक मी राहू देत नाही. एक टायर लहान असला की मागचा भाग त्या बाजूला कलतो, चार चाकांवरचं वजन तिरकं वाटलं जातं आणि डिफ (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरेन्शियल) सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतो. अशा गाडीत स्प्रिंगा बदलून काहीच हाती लागत नाही.

आता नव्या टायरांकडे. नवा फोम गरजेपेक्षा मोठा येतो आणि पूर्ण गोलही नसतो. गुळगुळीत ट्रॅकवर, विशेषतः कार्पेटवर, १/१२ चे टायर साधारण ४० ते ४२ मिमीपर्यंत उतरवतात आणि पुढचे मागच्यांपेक्षा थोडे लहान ठेवतात. फोमचा थर पातळ असला की टायर कमी डोलतो आणि वळणात गाडी उलटण्याची भीती कमी होते. खडबडीत डांबरावर मात्र जाड थर ठेवा, नाहीतर प्रत्येक दणका थेट रिमवर जातो.

हे काम ट्रूइंग मशीनवरच, म्हणजे टायर फिरवत एकसारखा गोल कापणाऱ्या यंत्रावरच करा. ड्रिलमध्ये चाक लावून हाताने काचकागद धरला तर टायर लहान होतो, गोल होत नाही: हात टायरच्या उंचसखलपणामागोमाग हलतो आणि खोट तशीच राहते. मशीनमध्ये कापणारा भाग एका रेषेत सरकतो, म्हणून उंच भागच आधी निघतो. एकदम खोल कापू नका, फोमचे तुकडे उपटले जातात. थोडं थोडं उतरवा आणि शेवटचा हात बारीक काचकागदाने फिरवा. ही धूळ फार बारीक असते. मास्क लावा.

मग कडा. पुढच्या टायरची बाहेरची कड गोलसर करा, दोनेक मिमी पुरे. टोकदार कड कार्पेटमध्ये रुतते आणि भरवेगात गाडी कोलांटी घेते. त्यानंतर बाहेरच्या भिंतीला पातळ सुपरग्लूचा एक हात द्या. त्याने भिंत ताठ होते, दुमडत नाही आणि कठड्याला घासल्यावर फोमचे लचके निघत नाहीत. ग्लू जमिनीला टेकणाऱ्या भागावर येऊ देऊ नका. आणखी एक बारीकशी गोष्ट: टायर झिजत जातो तशी ग्लूची कड वर राहून कडक ओठ तयार होतो. तो अधूनमधून घासून काढा, नाहीतर पुढची पकड अचानक गेल्यासारखी वाटते आणि आपण सेटअपमध्ये चूक शोधत बसतो.

ग्रिपसाठी लावायचं लिक्विड मागच्या टायरला पूर्ण रुंदीत आणि पुढच्याला फक्त आतल्या अर्ध्या भागात लावून सुरुवात करा. पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या आणि ट्रॅकवर सोडण्याआधी पुसा. बऱ्याच स्पर्धांत कोणतं लिक्विड चालेल हे ठरलेलं असतं, ते आधी विचारून घ्या.

व्यास प्रत्येक फेरीनंतर लिहून ठेवा. १ मिमी व्यास गेला की गाडी ०.५ मिमी खाली येते, आणि एवढ्या बुटक्या गाडीत तेवढ्याने चेसिस घासायला लागते. गिअरिंगही बदलतं: मोटरच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते हे काढायला व्यासाला ३.१४ ने आणि पिनियनच्या (मोटरवरच्या छोट्या गिअरच्या) दातांनी गुणायचं आणि स्परच्या (मागच्या अॅक्सलवरच्या मोठ्या गिअरच्या) दातांनी भागायचं. ४२ चा टायर ४१ झाला तर हा आकडा जवळपास अडीच टक्क्यांनी घटतो. टॉप स्पीड कमी वाटली की लोक मोटरला दोष देतात, पण अनेकदा पिनियनचा एक दात वाढवायची वेळ आलेली असते.

स्प्रिंगांना ठरावीक मुदत नसते. "स्प्रिंग मऊ पडली" असं सर्रास म्हणतात, पण पोलाद वापराने मऊ पडत नाही. स्प्रिंग बसते, म्हणजे तिची मोकळी लांबी घटते, किंवा धडकेत वाकते. तपासणी सोपी आहे. जोडीतल्या दोघी काचेवर शेजारी उभ्या करून उंची बघा, मग आडव्या लोळवून बघा. वाकडी असेल तर डगमगेल. शेवटी दोघी टोकाला टोक लावून एका बारीक दांड्यावर ओवा आणि दाबा. दोघी सारख्याच दबायला हव्यात. एक जरी नापास झाली तरी जोडी बदला.

पुढच्या किंगपिनवरच्या (ज्या उभ्या पिनेवर पुढचं चाक वळतं आणि वर-खाली सरकतं, तिच्यावरच्या) स्प्रिंगांचं दुखणं बहुधा घाण हेच असतं. गाडीचं नाक दाबून हळूच सोडा आणि उंची मोजा, मग उचलून हळूच टेकवा आणि पुन्हा मोजा. दोन आकड्यांत जाणवण्याइतका फरक असेल तर स्प्रिंग निर्दोष आहे, किंगपिन अडकतोय. पिन पुसून स्वच्छ करा, जाड सिलिकॉन तेलाचा एक थेंब द्या आणि पुन्हा मोजा.

आणि टायर सारखे झाल्यावरच ट्वीक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांवर वजन असमान पडतंय का, ते बघा: पुढून चेसिसच्या बरोबर मध्यावर चाकूचं टोक घालून उचला, दोन्ही चाकं एकाच वेळी सुटली पाहिजेत. एक आधी सुटत असेल तर साइड स्प्रिंगांचे (मागच्या भागाला डावीकडून-उजवीकडून तोलणाऱ्या स्प्रिंगांचे) स्क्रू जुळवा. इतकं करूनही ओढ कायम राहिली तर बॉल डिफ (छोट्या गोळ्यांवर चालणारा डिफ) उघडा.

स्टिअरिंग कमी-जास्त करायला लगेच पुढची स्प्रिंग बदलू नका. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. वेटोळी तेवढीच ठेवून ०.४५ ची तार ०.५० केली तर स्प्रिंग दीडपट कडक होते, आणि हा बदल दिसतो त्यापेक्षा खूप मोठा आहे. आधी पुढच्या टायरवरच्या लिक्विडचा पट्टा थोडा अरुंद किंवा रुंद करून बघा. त्याला खर्च नाही, आणि पुढच्या फेरीला लगेच बदलता येतो.