४.६ विरुद्ध ३.९: जीपीएची तुलना करण्याआधी

वहिनी, शेजारच्या मुलीचा जीपीए (ग्रेडची सरासरी) ४.६ आणि आपल्या लेकीचा ३.९ म्हणून झोप उडवून घेऊ नका. साध्या जीपीएत ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, विषय कुठलाही असो. वेटेड जीपीएत एपी-आयबीला (कॉलेजच्या तोडीचे अभ्यासक्रम) बऱ्याच शाळा एक गुण वाढवून देतात. ऑनर्सला (शाळेचे नेहमीपेक्षा अवघड वर्ग) कुठे अर्धा, कुठे काहीच नाही. शाळेचे काउन्सेलर ट्रान्सक्रिप्टसोबत (गुणपत्रकासोबत) स्कूल प्रोफाइल पाठवतात, त्यातून कॉलेजांना शाळेची पद्धत कळते.

तुम्ही कॅलिफोर्नियात आहात, तेव्हा यूसीचं (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं) गणित नीट समजून घ्या. ते शाळेचा आकडा घेतच नाहीत, स्वतः काढतात. नववीनंतरच्या सुट्टीपासून अकरावीनंतरच्या सुट्टीपर्यंतचे फक्त ए-जी विषय (यूसीने प्रवेशासाठी ठरवलेल्या विषयगटांतले). प्लस-मायनस धरत नाहीत. जादा गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना (एका विषयाची एक सहामाही म्हणजे एक), त्यांत दहावीची चारच, आणि ग्रेड किमान सी हवी. म्हणजे एपींचा डोंगर रचून हा आकडा फुगत नाही. (अर्ज वाचणारे अवघड विषय किती घेतले तेही बघतात, म्हणून एपी टाळूही नका.)

दहावीचे विषय ठरवण्याआधी यूसीच्या ए-जी यादीत आपल्या शाळेचं पान उघडा. शाळा ज्याला ऑनर्स म्हणते, त्या प्रत्येकाला यूसी जादा गुण देत नाही.