विट्याहून जर्मनीला: पीएचडीपेक्षा मुलीच्या शाळेचं जास्त

तू विचारलंस: विट्याच्या मागांमध्ये वाढलो, इचलकरंजीत टेक्स्टाइल केलं, आता जर्मनीत निटेड कापड (धाग्याचे लूप एकमेकांत अडकवून केलेलं) ताणलं की कसं वागतं याच्या मॉडेलिंगवर पीएचडी मिळतेय, झेपेल का, आणि बायकोला, पाच वर्षांच्या मुलीला बरोबर न्यावं का? व्हिसाचं सगळं दूतावासाच्या साइटवर आहे, ते सोडतो. मी सांगलीचा, राहतो जर्मनीतल्या रॉयटलिंगेन गावाजवळ, कामही याच कापडाचं.

झेपेल. फक्त मागाची सवय बाजूला ठेव. मागावरच्या कापडात उभा-आडवा धागा बऱ्यापैकी सरळ असतो, ओढलं की ताण लगेच धाग्यावर येतो. निटिंगमध्ये धागा फारसा लांबतच नाही; लूपचा आकार बदलतो, लूप एकमेकांवर घसरतात. म्हणून कापड आधी सहज येतं आणि मग एकदम अडतं. सिंगल जर्सी, म्हणजे टी-शर्टचं साधं निटेड कापड, तर लांबीपेक्षा रुंदीत जास्त ताणतं. कापडाच्या रचनेवरचे दोन जुने पेपर, पिअर्सचा १९४७ चा आणि मंडनचा १९५९ चा, वाचून ये. ताण काढून कापड निवांत झालं की त्याची मापं मुख्यतः एका लूपमध्ये किती धागा गेलाय यावर ठरतात, हे मंडनने दाखवलं.

डोकं खातं ते धाग्या-धाग्यातलं घर्षण. तोच नमुना दुसऱ्यांदा ओढला की ताणाचा आलेख वेगळा. नमुना धुतला होता का, किती वेळ मोकळा पडला होता, हे विचारल्याशिवाय कोणाच्या आकड्यावर जाऊ नको. यंत्राच्या, नमुना पकडणाऱ्या जबड्यांमधलं अंतर मोजूनही भागत नाही, कारण पट्टी मधोमध आक्रसते आणि कडा गुंडाळतात. आम्ही मधल्या भागात पेनाने ठिपके काढतो आणि कॅमेऱ्याने मोजतो.

कागदांचं एकच सांगतो. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का, आजच बघ. आमच्याकडे स्पेलिंगमधल्या एका ‘ए’वरून अख्खा उन्हाळा गेला.

आता शाळा. इथे चौथीतच शिक्षक सांगतात, पोर गिम्नासिउमला (विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत) जाईल की दुसरीकडे. आमची लेक तिसरीत आली. गणितात पहिली, पण शाब्दिक उदाहरणातलं जर्मन कळायचं नाही. बाईंनी शांतपणे रेआलशूल (मधल्या पातळीची शाळा) लिहून दिलं. तेव्हा आमच्या राज्यात ते बंधनकारक नव्हतं, पण बायको म्हणाली, पोरीची फरफट नको. लेक आज मजेत आहे, मैत्रिणी आहेत. माझ्या मात्र घशाखाली अजून उतरत नाही. सांगलीत असती तर स्कॉलरशिपला बसली असती, हे मी घरात बोलत नाही, इथे लिहितोय.

एकटेपणाचं विचारलंस. होतो, जातो. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, आई-दादांचा फोन लागेना, तेवढे दिवस सोडले तर कामात कळत नाही.

तुझी मुलगी पाचची आहे, म्हणजे पहिलीपासून तिथलीच होईल. आत्ताच ने, आधी मी जातो, मग बोलावतो, असं करू नको. ती आठची असती तर काय सांगितलं असतं, ते मला अजून ठरवता येत नाही.